लोणारचा पाषाण आणि घरातील दिवा : राजवायूंची ओळख व उपयोग



बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराकाठी पडलेला काळा पाषाण आणि गावातील शाळेच्या भिंतीवर लावलेली विजेची नळी यांच्यात वरकरणी कोणतेही नाते दिसत नाही. तथापि या दोहोंमध्ये एकच वायू बंदिस्त आहे. त्याचे नाव अरगॉन. नळीत तो प्रकाशनिर्मितीस साहाय्य करतो. पाषाणात तो वर्षांची मोजणी करतो. लोणारच्या विवराचे वय किती, हा प्रश्न जिल्ह्यातील विद्यार्थी शिक्षकांना नेहमी विचारतात. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग या वायूच्या साक्षीवर अवलंबून आहे. म्हणून अरगॉन आणि त्याची भावंडे, म्हणजेच ज्यांना रसायनशास्त्रात 'राजवायू' म्हणतात ती मूलद्रव्ये, यांचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल.

वर्गातील हवेत काय असते?

हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन हे सहा राजवायू निसर्गात आढळतात. त्यांना रंग, वास व चव नाही. ते दुर्मीळ आहेत असा सर्वसाधारण समज आहे; परंतु अरगॉनच्या बाबतीत तो खरा नाही. हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग ऑक्सिजन असतो. उरलेल्या एका भागातील बहुतेक हिस्सा, म्हणजे ०.९३ टक्के, अरगॉनचा आहे. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण याहून कितीतरी कमी आहे.

हे प्रमाण एका वर्गखोलीच्या उदाहरणाने सहज समजते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेतली, तर तिच्यात १०८ घनमीटर हवा मावते. त्या हवेत सुमारे १,००० लिटर अरगॉन असतो. निऑन मात्र केवळ दोन लिटर, हेलियम अर्ध्या लिटरहून किंचित अधिक, क्रिप्टॉन सुमारे १२० मिलिलिटर आणि झेनॉन तर अवघा नऊ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे इतका भरतो. रेडॉन हा किरणोत्सारी असून त्याचे प्रमाण याहूनही अत्यल्प असते.

प्रत्येक श्वासाबरोबर शरीरात जाणारा व जसाच्या तसा बाहेर पडणारा हा अरगॉन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मानवास अज्ञात होता. १७८५ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतून नायट्रोजन व ऑक्सिजन काढून टाकल्यावर एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहतो, असे नोंदविले होते. मूळ हवेच्या १२० व्या भागाहून तो मोठा नव्हता. त्याचा अर्थ उलगडण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. लॉर्ड रॅले यांना असे आढळले की, हवेपासून मिळविलेल्या एक लिटर नायट्रोजनचे वजन १.२५७ ग्रॅम भरते. संयुगांपासून मिळविलेल्या तेवढ्याच नायट्रोजनचे मात्र १.२५१ ग्रॅम. सहा-सात मिलिग्रॅमचा हा फरक त्यांनी दुर्लक्षिला नाही. विल्यम रॅमझे यांच्या सहकार्याने १८९४ साली त्यांनी या फरकाचे कारण शोधून काढले. ते कारण म्हणजे अरगॉन. पुढे १८९८ साली रॅमझे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या ऊर्ध्वपातनातून क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन हे तीन वायू काही आठवड्यांच्या अंतराने वेगळे केले. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमझे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले.

या संशोधकांचा भारताशी आलेला संबंधही स्मरणीय आहे. जमशेटजी टाटा यांनी योजिलेल्या विज्ञानसंस्थेसाठी योग्य स्थळ सुचविण्याकरिता रॅमझे १९०० साली भारतात आले व त्यांनी बंगळूरची शिफारस केली. त्या संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हेच होत.

हेलियमची कथा तर प्रत्यक्ष या भूमीवरील आकाशाशी निगडित आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून पूर्वेकडे सरकत गेली. जमखंडी, गुंटूर आदी ठिकाणी युरोपीय निरीक्षकांची पथके सज्ज होती. विजयदुर्ग किल्ल्यावर त्या ग्रहणाची आठवण म्हणून 'साहेबाचे कट्टे' आजही दाखविले जातात. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची नव्हे, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून केलेल्या निरीक्षणावरून ओळखले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते सापडले १८९५ मध्ये, युरेनियमयुक्त खनिजात, आणि तेही रॅमझे यांनाच.

अलिप्तपणाचे कारण

अरगॉन या शब्दाचा ग्रीक भाषेतील अर्थ 'आळशी' असा आहे. कोणत्याही मूलद्रव्याशी तो संयोग पावत नाही म्हणून हे नाव पडले. या वायूंच्या अणूंतील सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉनांचे कवच पूर्ण भरलेले असते. इलेक्ट्रॉन देण्याची, घेण्याची वा वाटून घेण्याची गरजच नसल्यामुळे त्यांचे अणू एकएकटे राहतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांना 'निष्क्रिय वायू' म्हणत असत. १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार करून दाखविले, तेव्हापासून हे नाव काहीसे अपुरे ठरले आणि 'राजवायू' हा शब्द अधिक रूढ झाला. तरीही त्यांचा मूळ स्वभाव अलिप्ततेचाच आहे. दिवा, रुग्णालय आणि पाषाण या तिन्ही ठिकाणी त्यांचा जो उपयोग होतो, तो याच स्वभावामुळे.

प्रकाशाच्या सेवेत

टंगस्टनच्या तारेचा साधा दिवा प्रथम निर्वात असे. तापलेल्या तारेतील धातूचे कण सावकाश उडत आणि काच काळवंडत असे. १९१३ च्या सुमारास अमेरिकेतील आयर्विंग लँगम्यूर यांनी दिव्यात निष्क्रिय वायू भरल्यास तार अधिक काळ टिकते, हे दाखवून दिले. प्रथम नायट्रोजन आणि पुढे मुख्यतः अरगॉन वापरात आला. अरगॉनचे अणू तारेभोवती दाटी करून उडणाऱ्या कणांना अडवितात आणि स्वतः मात्र तप्त धातूशी संयोग पावत नाहीत.

ट्यूबलाइटमध्ये अरगॉनचे काम निराळे आहे. नळीत अल्प दाबाखाली अरगॉन आणि पाऱ्याचा सूक्ष्म अंश असतो. वीज प्रथम अरगॉनमधून वाहू लागते, तिच्या उष्णतेने पाऱ्याची वाफ होते, पाऱ्याचे अणू डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण सोडतात आणि काचेच्या आतील पांढरा लेप त्या किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. स्टार्टरमधील छोट्या काचकुपीतही निऑन किंवा अरगॉनच असतो.

निऑनची लाल-नारिंगी प्रभा जॉर्जेस क्लोद यांनी १९१० साली पॅरिस येथील मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे मांडली. शहरांतील रंगीत नावफलकांचा उगम तेथे आहे. मात्र खेड्यात निऑनची गाठ नावफलकाऐवजी वायरमनच्या खिशातील टेस्टरमध्ये पडते. टेस्टरच्या मुठीत एक इवलासा निऑन दिवा आणि मोठा विद्युत्‌रोध असतो. रोधामुळे शरीरातून जाणारा प्रवाह अत्यंत क्षीण राहतो. तेवढ्या प्रवाहावरही निऑन उजळतो. विहिरीवरील पंपाच्या पेटीला हात लावण्यापूर्वी शेतकरी याच दिव्याकडे पाहतो. येथे एक गोष्ट ध्यानी घेणे आवश्यक आहे. कोरड्या लाकडावर वा जाड रबरी तळव्याच्या पादत्राणात उभे राहिल्यास तार सजीव असूनही टेस्टर उजळेलच असे नाही. टेस्टर उजळला तर वीज आहे हे निश्चित. न उजळल्यास वीज नाही असे गृहीत धरणे जिवावर बेतू शकते. मुख्य खटका बंद करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

झेनॉनचा प्रखर, दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश चित्रपटगृहांतील प्रक्षेपकांत व छायाचित्रकाराच्या फ्लॅशमध्ये उपयोगी पडला. रस्त्यांवरील पिवळ्या सोडियम दिव्यांना चेतविण्यासाठीही झेनॉन किंवा निऑन लागतो. २०१५ नंतर शासकीय योजनांद्वारे एलईडी दिव्यांचा प्रसार झाला आणि ग्रामपंचायतींच्या खांबांवरील जुने दिवे झपाट्याने बदलले गेले. एलईडीत प्रकाश घन पदार्थापासून निर्माण होतो; त्यास राजवायूची आवश्यकता नाही. वीज वाचली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु काढून टाकलेल्या नळ्यांतील अरगॉन निरुपद्रवी असला, तरी त्याच्या सोबतचा पारा तसा नाही. पारायुक्त दिव्यांचा समावेश ई-कचरा व्यवस्थापन नियमांत केलेला आहे. अशा नळ्या उकिरड्यावर फोडू नयेत. त्या अखंड ठेवून अधिकृत संकलकाकडे सोपवाव्यात.

रुग्णसेवेत राजवायू

दिव्यांतील राजवायूंचे स्थान कमी होत असताना वैद्यकातील त्यांचे महत्त्व मात्र वाढत आहे. एमआरआय यंत्र हे याचे ठळक उदाहरण होय. या यंत्रातील शक्तिमान चुंबकाची तार अतिवाहक असावी लागते, म्हणजेच तिच्यातून वीज विनारोध वाहावी लागते. त्यासाठी ती उणे २६९ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवतात. एवढ्या तापमानास द्रवरूपात राहणारा दुसरा पदार्थ नाही. जुन्या धर्तीच्या यंत्रात दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम लागतो. अलीकडे अवघ्या सात लिटरांवर चालणारी बंदिस्त यंत्रेही निघाली आहेत. हेलियम हा भूगर्भातील युरेनियम व थोरियमच्या विघटनातून कोट्यवधी वर्षांत साठतो, नैसर्गिक वायूबरोबर बाहेर येतो आणि एकदा हवेत मिसळला की कालांतराने पृथ्वीची साथ सोडून अंतराळात जातो. भारताला त्याची गरज मुख्यतः आयातीवर भागवावी लागते. रुग्णालयांसाठी त्याची काटकसर का महत्त्वाची आहे, हे यावरून स्पष्ट होते.

हेलियमचा दुसरा उपयोग श्वसनमार्गाच्या अडथळ्यात होतो. ऐंशी भाग हेलियम आणि वीस भाग ऑक्सिजन यांचे मिश्रण हवेच्या सुमारे एकतृतीयांश इतके विरळ असते. अरुंद झालेल्या श्वासनलिकेतून ते सुलभतेने आत जाते. अल्व्हान बॅराक यांनी १९३४ च्या सुमारास दम्याच्या रुग्णांवर त्याचा उपयोग केला. या मिश्रणाने रोग बरा होत नाही. औषध लागू पडेपर्यंत श्वासाचे कष्ट तेवढे कमी होतात.

झेनॉन भूल देणारा वायू आहे. १९५१ साली त्याचा मानवी शस्त्रक्रियेत प्रथम उपयोग झाला. शरीरात त्याचे विघटन होत नाही आणि रुग्ण लवकर शुद्धीवर येतो. परंतु तो अतिशय महाग असल्याने त्याचा वापर मर्यादित राहिला. विशेष प्रक्रिया केलेला झेनॉन-१२९ श्वासावाटे देऊन फुप्फुसात हवा कोठे पोहोचते व कोठे पोहोचत नाही, हे एमआरआय प्रतिमेत पाहण्याच्या पद्धतीस डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारा रक्तस्राव व अपायकारक रक्तवाहिन्यांची वाढ रोखण्यासाठी अरगॉन लेसरच्या निळ्या-हिरव्या किरणांनी अनेक वर्षे मोलाची सेवा केली. आज त्याची जागा बहुतांशी घन पदार्थांच्या हिरव्या लेसरने घेतली आहे. चष्म्याचा क्रमांक घालविण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र अरगॉन आणि फ्लुओरिन यांच्या क्षणभंगुर जोडीतून निघणारे अतिनील किरण वापरले जातात. 'आळशी' अरगॉन विजेच्या धक्क्याने क्षणभर संयोग पावतो, तोच क्षण शल्यचिकित्सकास उपयोगी पडतो.

कोविडच्या साथीनंतर अनेक शासकीय रुग्णालयांत हवेपासून ऑक्सिजन वेगळा करणारी संयंत्रे उभी राहिली. त्यांतून मिळणारा ऑक्सिजन सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा असतो, शंभर टक्के का नसतो, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी उपस्थित केला. त्याचे उत्तरही अरगॉनमध्ये आहे. संयंत्रातील झिओलाइटचे कण नायट्रोजन धरून ठेवतात. अरगॉनला मात्र ते धरत नाहीत. परिणामी तो ऑक्सिजनबरोबर पुढे जातो. रुग्णास त्यापासून अपाय होत नाही.

पाषाणातील घड्याळ

आता लोणारकडे वळू या. नत्र, स्फुरद आणि पालाश हे शब्द प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत. पालाश म्हणजे पोटॅशियम. निसर्गातील पोटॅशियमचा एक सूक्ष्म अंश, पोटॅशियम-४०, किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. विघटन पावणाऱ्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ८९ अणूंचे कॅल्शियम होते आणि ११ अणूंचे अरगॉन-४०. हवेतील अरगॉनपैकी ९९.६ टक्के अरगॉन याच जातीचा आहे. म्हणजे वर्गातील ते १,००० लिटर अरगॉन कधीकाळी खडकांतील पालाशापासूनच निर्माण झाले आहेत.

खडक वितळतो तेव्हा त्यातील अरगॉन निसटून जातो, कारण तो कशाशीही बांधलेला नसतो. खडक थिजल्यावर नव्याने जन्मणारा अरगॉन स्फटिकांत अडकून साठू लागतो. साठलेला अरगॉन आणि शिल्लक पोटॅशियम यांचे प्रमाण मोजले की खडक केव्हा थिजला हे कळते. सुधारित पद्धतीत नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवून पोटॅशियमच्या एका भागाचे अरगॉन-३९ मध्ये रूपांतर करतात. मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही अरगॉनांचे प्रमाण मोजतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा उभारली गेली. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून घडला, हा निष्कर्ष प्रामुख्याने अरगॉनच्याच मोजणीवर आधारलेला आहे.

लोणारचे विवर याच पाषाणात आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे मुख असावे असे दीर्घकाळ मानले जाई. प्रचंड आघातानेच निर्माण होणारे काचरूप खनिज तेथे आढळल्यावर, १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर, ते अशनीपाताचे विवर असल्याचे सर्वमान्य झाले. २०२० साली या सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आघात केव्हा झाला? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तप्तदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, सहा हजार कमी-अधिक, असे वय आले. माहितीफलकांवर व पुस्तकांत आढळणारा ५० हजारांचा आकडा त्याच सुमाराचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अरगॉन मोजणीत मात्र ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार कमी-अधिक, असे वय मिळाले. दोन आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. याचे कारण पद्धतींच्या मर्यादांत आहे. तप्तदीप्तीत पदार्थाने साठविलेल्या किरणोत्साराच्या खुणा मोजतात. त्या खुणा काळाच्या ओघात पुसट होऊ शकतात व वय कमी भासते. उलटपक्षी, आघाताने वितळलेल्या खडकातून साडेसहा कोटी वर्षांचा जुना अरगॉन पूर्णपणे निसटला नसेल, तर वय अधिक भासते. शिवाय काळ्या पाषाणात पोटॅशियम कमी असल्याने मोजणी अवघड असते. हा मतभेद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकच आकडा पाठ करावयास लावण्यापेक्षा दोन्ही आकडे, त्यांची वर्षे आणि त्यांमागील पद्धती सांगाव्यात. काठावरील आघातजन्य खडकाचा प्रत्येक तुकडा या वादातील पुरावा आहे. पर्यटकांनी ते तुकडे घरी नेऊ नयेत, याची दक्षता ग्रामस्थांनी व यंत्रणेने घेतली पाहिजे. पुढील मोजणी त्याच तुकड्यांवर होणार आहे.

सावधगिरी

राजवायू विषारी नाहीत, हे अरगॉन व हेलियमच्या बाबतीत खरे असले, तरी ते निर्धोक आहेत असा अर्थ काढू नये. बंदिस्त जागेत ते साठले तर ऑक्सिजनची जागा घेतात. त्यांना वास नसल्याने माणसास काही कळण्याआधीच शुद्ध हरपते. अरगॉनच्या साहाय्याने वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांनी टाकी वा खड्ड्यात वायुवीजनाशिवाय उतरू नये. अरगॉन हवेहून जड असल्याने तो तळाशी साचतो. एमआरआय यंत्रातील एक लिटर द्रव हेलियमपासून सातशे लिटरांहून अधिक वायू होतो. म्हणून त्या कक्षातून वायू थेट इमारतीबाहेर नेणारी नळी आणि ऑक्सिजनमापक असणे अनिवार्य समजावे.

रेडॉन हा तर किरणोत्सारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तंबाखूच्या धुरानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते एक प्रमुख कारण होय. घरात मोकळी हवा खेळती ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

पंचायत सदस्यांनी यात्रेच्या काळात विशेष लक्ष द्यावे अशी बाब म्हणजे फुगे. हेलियम जळत नाही. पण तो महाग आहे. त्यामुळे कित्येकदा कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांच्यापासून गावठी सिलिंडरात हायड्रोजन तयार करून फुगे भरले जातात. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे, आणि अशा सिलिंडरांचे स्फोट होऊन देशात अनेकदा प्राणहानी झाली आहे. उडणारा फुगा पाहून आत कोणता वायू आहे हे ओळखता येत नाही. म्हणून यात्रेतील विक्रेत्यास जागा देतानाच सिलिंडर कोणते, ते कोठून भरून आणले आणि वायू जागेवर तर तयार केला जात नाही ना, याची चौकशी करावी. गावठी सिलिंडर आढळल्यास ते गर्दीपासून दूर ठेवून पोलिसांना तत्काळ कळवावे. ही चौकशी पाच मिनिटांची असते.